पडझड नसलेलं गाव

त्या गावात काही पडत नाही. भिंतीला लावलेली मशाल विझत नाही, तिला कुणी तेल घालावं लागत नाही. छपराच्या लाकडाला वाळवी लागत नाही. पाऊस येतो, पण कुठे गळत नाही, ओल धरत नाही. विहिरीत गाळ साचत नाही. गहू गुडघ्याएवढा होऊन थांबला असेल तर तो तेवढाच राहतो, पिकत नाही आणि वाळतही नाही. दाराशी बसवलेला कुत्रा म्हातारा होत नाही.

कोकणातली बंद घरं मी पाहिली आहेत. मुंबईकर गणपतीलाही यायचे थांबले, म्हातारी माणसं एकेक करून गेली, की घर स्वतःच आवरायला घेतं. आधी एक कौल सरकतं, त्यातून पाणी वाशावर येतं, वासा काळा पडतो, मग एखाद्या पावसाळ्यात पडवी बसते. जोत्याच्या चिऱ्यांमधून पिंपळ वर येतो. तशा घरासमोर उभं राहिलं की दुःखाला हात टेकायला जागा मिळते. किती वर्षं झाली ते घर सांगतं. आमचं गाव सांगत नाही. ते जसंच्या तसं आहे, आम्ही चौघं तेवढी तिथे नाही. शाबूत राहिलेल्या गोष्टीसाठी रडायची रीत आपल्याकडे नाही, आणि तरी त्या गावाच्या आठवणीने जे होतं त्याला मी शोकच म्हणेन.

ते गाव माइनक्राफ्टमधलं. स्टॉकहोमच्या मार्कुस पेर्सन नावाच्या प्रोग्रामरने 2009 मध्ये नोकरी सांभाळून हा खेळ रचायला घेतला, 18 नोव्हेंबर 2011 ला तो पुरता बाहेर आला, आणि 2023 पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. खेळ सांगायला सोपा आहे. तुम्हाला रिकाम्या हातांनी एका माळावर सोडलं जातं. झाडावर हात मारत राहिलं की लाकूड मिळतं, लाकडाच्या फळ्या होतात, फळ्यांची कुदळ, कुदळीने दगड, दगडाच्या भट्टीत लोखंड. रात्र झाली की झॉम्बी येतात, सांगाडे बाण मारतात, आणि क्रीपर येतो, हिरवा, मुका, चार आखूड पायांचा. डुक्कर घडवताना पेर्सनकडून लांबी आणि उंचीचे आकडे उलटसुलट झाले आणि डुकराऐवजी ते उभं ध्यान तयार झालं. त्याने ते टाकून न देता हिरवं रंगवलं आणि अंधारात सोडलं. क्रीपर पाठीमागून येऊन फुस्स करतो, आणि दुपारभर बांधलेल्या भिंतीचा खड्डा होतो.

तिथलं जग एका आकड्यातून उगवतं. त्या आकड्याला सीड म्हणतात. तोच आकडा त्याच आवृत्तीत पुन्हा टाकला तर तेच डोंगर, त्याच नद्या, तीच गुहा त्याच जागी. आम्ही आकडा टाकला नव्हता. कॉम्प्युटरने स्वतःच कुठला तरी उचलला. मध्यापासून चारी दिशांना तीन-तीन कोटी ठोकळे, एक ठोकळा एक मीटरचा, एवढं ते जग मोठं असतं. पण ते सगळं आधीच मांडून ठेवलेलं नसतं. माणूस चालत जाईल तशी पुढची जमीन सोळा बाय सोळाच्या तुकड्यांनी घडत जाते. चालणाऱ्याच्या पावलापुढे टेकडी तयार होते, तिच्यामागे तळं, तळ्याकाठी मेंढ्या. आपण वळलो नसतो तर ते तळं झालंच नसतं. ही गोष्ट मी किती वेळा मनात घोळवली असेल, तिचं नवल कमी होत नाही.

जमीन आपली झाली की तिला नावं लागतात. कुणी ठेवायला बसलं नव्हतं, बोलता बोलता पडली. पहिल्या मेंढ्या मिळाल्या ती मेंढवाडी. ज्या खिंडीतून रात्री यायला कुणी धजत नसे तो घाबरट घाट. दोन्ही काठांवरून बांधत आणलेला आणि मध्ये एका ठोकळ्याने हुकलेला तो वाकडा पूल. खाणीत जिथे आमच्या कराडच्या मित्राच्या अंगावर तापलेला लाव्हा आला ती कराडची चूल. परक्या माणसाला ही नावं सांगून उपयोग नाही, त्यांचा अर्थ चौघांपलीकडे जात नाही. एखाद्या बोलीचे चारच बोलणारे उरावेत तशी ती नावं आमच्याकडे आहेत, आणि आम्ही ती हल्ली बोलत नाही.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे पुण्यातली कॉलेजं बंद झाली. आठवडाभराची सुट्टी समजून आम्ही एकेक बॅग घेऊन घरी गेलो: एक कराडला, एक नांदेडला, एक फोंड्याला, मी नाशिकला. नावांऐवजी गावांनीच हाक मारायची सवय हॉस्टेलमधली, ती तशीच राहिली. खेळ सुचवला कराडच्याने, कारण घरी दणकट कॉम्प्युटर त्याच्याकडेच होता. जग त्याच्या मशीनवर चालायचं आणि आम्ही तिघं त्यात पाहुण्यासारखे शिरायचो. त्यामुळे त्याने खेळ उघडला की आमच्याकडे सूर्य चालू लागायचा. त्याच्या घरची लाईट गेली आणि इन्व्हर्टरने मान टाकली की चौघांचं आकाश एकदम नाहीसं व्हायचं, पडद्यावर फक्त संपर्क तुटल्याची ओळ. अशा वेळी आम्ही तिघं फोनवर बोलत बसायचो, वादळात एका वळचणीला उभं राहिल्यासारखे.

मला त्या गावातल्या इमारतींपेक्षा आवाज जास्त आठवतात, आणि त्यातले बरेचसे खेळातले नव्हतेच. कानातल्या हेडफोनमधून चार घरं ऐकू यायची. नांदेडच्याच्या मागे कुकरच्या शिट्ट्या आणि त्याच्या आजीचं "कोणाशी बोलतोय रे एवढ्या रात्री?" फोंड्याचीकडे जूनपासून पाऊस, पत्र्यावर धो धो, इतका की तिचं बोलणं त्यात वाहून जायचं आणि आम्ही ओरडायचो, माईक बंद कर! कराडच्याच्या गल्लीत बारा वाजता गुरखा दांडा आपटत जायचा. बाहेर रस्ते रिकामे होते, बातम्यांत आकडे वाढत होते, ओळखीची माणसं जात होती. नांदेडच्याचे काका गेले त्या रात्री तो आला, काही बोलला नाही, सगळ्या शेताभोवती कुंपण घालत राहिला. आम्हीही काही विचारलं नाही. फोंड्याची त्याच्या शेजारी लाकूड तोडून त्याच्या पायाशी टाकत होती. अशी सोबत मला नंतर कुठे मिळाली नाही.

कामं कुणी वाटून दिली नव्हती, ज्याच्या त्याच्या स्वभावाने ती लागली. कराडचा खाली. त्या काळच्या आवृत्तीत हिरे तळापासून अकराव्या थराच्या आसपास मिळायचे, आणि तो तिथे सरळ रेषेत बोगदे मारत राहायचा. जाताना मशाली कायम उजव्या हाताला, म्हणजे परतताना त्या डावीकडे दिसल्या की आपण बरोबर वाटेवर. फोंड्याची घरं बांधायची, तुळशीवृंदावनाचा चौक असलेली, लांब बाल्कावांची म्हणजे बसायच्या ओट्यांची. खेळात लाल माती भाजून मिळते म्हणून कितीतरी दिवस ती फक्त मातीच भाजत होती. मी फिरायचे आणि नकाशे भरायचे. आणि नांदेडचा शेती करायचा.

शेतीचं जरा सांगायला हवं, कारण सगळं गाव तिच्याभोवती जमलं. गव्हाच्या वाढीच्या तिथे आठ पायऱ्या आहेत. खेळ सेकंदाला वीस ठोके देतो. दर ठोक्याला सोळा बाय सोळा बाय सोळाच्या प्रत्येक तुकड्यातून तीन जागा चिठ्ठी काढल्यासारख्या निवडल्या जातात, आणि त्यात रोपाचा नंबर लागला तर त्याला पुढची पायरी चढायची संधी मिळते. पण ही चिठ्ठी निघते ती कुणीतरी माणूस जवळपास असेल तरच. माणूस लांब गेला की शेत जागच्या जागी थबकतं. पेरून निघून जायचं आणि पिकल्यावर यायचं, असं तिथे होत नाही. शेताजवळ थांबावं लागतं. नांदेडचा थांबायचा, आणि तो एकटा कशाला थांबेल म्हणून आम्हीही थांबायचो. शेताच्या कडेला पेट्या ठेवायची एक खोली होती, दगडाची, कसलीही शोभा नसलेली, खिडकी एकच. तिच्यात उभं राहून आम्ही तासन्‌तास बोललो. परीक्षा होणार का, पगार कापला म्हणून कुणाच्या बाबांनी काय केलं, कुणाचं ठरलेलं लग्न कसं पुढे गेलं. बाहेर गहू एकेक पायरी चढायचा. "थांबा की, दोनच रोपं राहिलीत," नांदेडचा म्हणायचा, आणि ती दोन रोपं कधी पुरी होऊ नयेत असं मला वाटायचं.

कराडची चूल हे नाव पडलं ती रात्रही लिहून ठेवते. तो कुदळ मारत होता, समोरचा दगड फुटला आणि मागचा लाव्हा अंगावर आला. लाव्हात पडलेलं सामान जळून जातं, पण तो जळत जळत दहा-बारा पावलं मागे पळाला आणि बोगद्यात मेला. मेलं की माणूस आपल्या बिछान्यापाशी पुन्हा उभा राहतो, रिकाम्या हातांनी. त्याच्याजवळचं सगळं मेल्या जागी सांडलेलं असतं. छोट्या आकाराचं, जमिनीपासून बोटभर वर तरंगत, हळूहळू गोल फिरत. पाच मिनिटं. तेवढ्यात कुणी उचललं नाही तर ते नाहीसं होतं, कायमचं.

कराडच्याचा आवाज बसला होता. महिन्याभराची कमाई होती ती. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला, "रात्र हाय, नका जाऊ." फोंड्याची तोवर निघालीही होती. नांदेडचा शेतातून तसाच कोयता... नाही, कोयता त्या खेळात नसतो, कुदळ घेऊन. मी घाबरट घाटातून. पाठीमागे सांगाड्याचे बाण सटसट लागत होते आणि कानात कराडचा वाट सांगत होता: उजवीकडे मशाल दिसली? सरळ ये. तिथून खाली. खाली. जपून, पुढे पोकळ आहे. त्याने अंधारात एकट्याने खणलेला तो बोगदा त्याला तोंडपाठ होता आणि आम्ही त्याच्या आवाजाला धरून उतरत होतो. शेवटी वळणावर ते दिसलं: लाव्हाच्या तांबड्या उजेडात तरंगणाऱ्या वस्तू. कुदळ, कोळसा, पाव, थोडे हिरे. फोंड्याचीने धावत जाऊन त्यांच्यावर पाय ठेवला आणि उचलल्याचा तो बारीक टपटप आवाज आला. तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला कळेल. आम्ही तिघंही ओरडलो. नाशिकमध्ये माझी आई उठून आली.

त्या जगात दिवस वीस मिनिटांचा. त्यातली साधारण सात मिनिटं रात्र. ती टाळायची असेल तर झोपायचं, आणि आम्ही खेळत होतो त्या आवृत्तीत नियम असा की वरच्या जगात असलेल्या प्रत्येकाने झोपलं पाहिजे. एकजण जरी जागा असेल तरी रात्र हलत नाही. तिघं आपापल्या बिछान्यात पडून चौथ्याची वाट बघत राहायचे. म्हणून सूर्य कलला की हाकारे सुरू व्हायचे, झोपा रे, झोपा! कोण राहिलंय? जो तो हातातलं टाकून घराकडे पळायचा. उशीर कायम कराडच्याचा, कारण त्याला अकराव्या थरातून चढून यावं लागे. आम्ही छताकडे बघत पडलेलो, दाराबाहेर झॉम्बीचं गुरगुरणं, आणि तो जिना चढतोय, चढतोय. पुढे पुढे मात्र तो लवकर यायला लागला. हाक दिली की दहा-पंधरा सेकंदांत "झोपलो" म्हणायचा, आणि लगेच उजाडायचं. कसं काय, ते कुणी विचारलं नाही. रात्र लवकर संपली याचाच आनंद.

चौघांनी मिळून डोळे मिटल्याशिवाय सकाळ होणार नाही, हा नियम ज्याने केला त्याला माझा नमस्कार आहे. पुढच्या आवृत्त्यांत ही अट सैल करायची सोय आली. सर्व्हर मोठे झाले, अनोळखी माणसं एकत्र खेळू लागली, त्यांना ती लागतच असेल. आम्हाला ती जाचक अटच हवी होती.

23 जून 2020 ला खेळाचं पाताळ बदललं. नेदर म्हणतात त्याला. तिथे चाललेलं एक पाऊल वर आठ पावलांएवढं होतं. त्या अपडेटने तिथे नवी रानं, नवी राखेची दरी, नवे प्राणी आणले. पण आपण आधी फिरलेली जमीन तशीच राहते; नवं बघायचं तर पूर्वी कधी गेलो नाही इतकं लांब जावं लागतं. आम्ही लाव्हाच्या समुद्रावरून एक-एक ठोकळा टाकत गेलो, एकामागे एक, आणि एके ठिकाणी जुनी तांबडी जमीन सरळ रेषेत तुटून निळंशार रान सुरू झालं. त्या रेषेवर आम्ही बराच वेळ उभे होतो. अलीकडे आमचे आधीचे दिवस, पलीकडे ज्यात आम्ही अजून पाऊल टाकलं नव्हतं ते. काळाचा असा उभा छेद मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

संगीताबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॅनिएल रोझेनफेल्ड या जर्मन संगीतकाराने, सी-फोर-एटीन या नावाने, ते केलं. थोडेसे पियानोचे स्वर, मध्ये भरपूर मोकळी जागा. 2025 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याचा 'माइनक्राफ्ट - व्हॉल्यूम अल्फा' हा 2011 चा अल्बम जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतला. हे संगीत सतत वाजत नाही. दहा, पंधरा, वीस मिनिटं नुसती शांतता, आणि मग तुम्ही मेंढीची लोकर कातरत असताना कुठूनतरी सुरू होतं. पण ते प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या वेळी सुरू होतं. एकाच पेट्यांच्या खोलीत चौघं उभे, आणि सूर ऐकू येतोय एकालाच. "वाजतंय रे," फोंड्याची म्हणायची, आणि आम्ही गप्प व्हायचो. आमच्याकडे काहीच वाजत नसायचं. तरी ते संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. तिच्या हेडफोनमधलं संगीत तिला नीट ऐकू यावं म्हणून तीन गावांतली तीन माणसं शांत बसायची.

शेवटचा दिवस कुठला ते आम्हाला ठाऊक नाही. निरोप झाला नाही. कॉलेज ऑनलाइन सुरू झालं, मग परीक्षा, मग मुलाखती. आधी रोजचं ते शनिवारचं झालं, मग कुणीतरी एकजण नसायचा, मग तिघांत मजा नाही म्हणून पुढच्या वेळी बघू. कुणी बाहेर पडलं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत ओळ उमटते, अमुक-अमुक लेफ्ट द गेम. ती ओळ आम्ही रोज पाहिली होती. शेवटच्या वेळीही ती तशीच, तेवढ्याच पिवळ्या रंगात आली असणार आणि काही सेकंदांत विरून गेली असणार. डोळ्यांना ती वेगळी कशी दिसावी? ड्रॅगनला मारायचा बेत होता. त्याच्याकडे जायच्या दारासाठी लागणारे हिरवे डोळे जमवून एका पेटीत ठेवले होते. ते तिथेच आहेत.

या खेळाने खऱ्या मरणाचा मानही राखला आहे. टेक्नोब्लेड या नावाने खेळणारा अमेरिकन मुलगा, डोक्यावर मुकुट घातलेलं डुक्कर हे त्याचं रूप, लाखो पोरांचा लाडका. 2022 मध्ये वयाच्या 23 व्या वर्षी कर्करोगाने गेला. त्याचा शेवटचा निरोप त्याच्या वडिलांनी वाचून दाखवला. त्यानंतर खेळ सुरू करताना दिसणाऱ्या चित्रातल्या एका डुकराच्या डोक्यावर खेळकर्त्यांनी छोटासा मुकुट ठेवला. शब्द एकही नाही. ज्याला माहीत आहे त्याने ओळखावं. त्या दिवशी आमचा बंद पडलेला ग्रुप बऱ्याच काळाने जागा झाला. चौघांनीही तेच चित्र टाकलं, आणि पुन्हा सगळं गप्प झालं. आमच्यातलं कुणी गेलेलं नाही, सगळे धडधाकट आहेत. कराडचा बंगळूरला, नांदेडचा हॅम्बुर्गला, फोंड्याची पणजीत घरं बांधते, खरी. तरी चौघांचं मिळून जे एक माणूस झालं होतं ते आता नाही, आणि त्याच्यासाठी कुणी कुठे मुकुट काढणार नाही.

अलीकडे कराडच्याने जुना कॉम्प्युटर विकायच्या आधी त्या जगाची फाइल चौघांना पाठवली. अशा फाइलीच्या आत डोकावून दाखवणारी साधनं मिळतात. त्यात कळलं की जमिनीच्या प्रत्येक सोळा बाय सोळाच्या तुकड्याच्या नोंदीत खेळ एक आकडा ठेवतो: या तुकड्याच्या आसपास माणसाचा वावर किती काळ होता, सेकंदाच्या विसाव्या भागात मोजलेला. कोण होतं ते नाही, का होतं ते नाही. एवढंच की इथे कुणीतरी होतं. हा आकडा जितका मोठा तितकी तिथली रात्र जरा कठीण करायची, यासाठी खेळ तो वापरतो. पन्नास तासांनंतर त्याने फरक पडायचा थांबतो, पण मोजणं चालूच राहतं. मी तो सगळ्या गावभर पाहिला. मला वाटलं होतं फोंड्याचीचा वाडा, किंवा खाण. सगळ्यात मोठा आकडा होता शेताच्या कडेला, पेट्यांच्या खोलीखाली. एक खिडकी असलेल्या त्या दगडी खोलीत आमचे एवढे तास गेले होते आणि त्यांचा हिशेब जमिनीने ठेवला होता.

मग मी ते जग माझ्या लॅपटॉपवर उघडलं, जुन्याच आवृत्तीत. फोंड्याचीचं म्हणणं, नव्या आवृत्तीत उघड. 2021 च्या अखेरीपासून तळाखाली आणखी चौसष्ट थर आलेत, आपल्या खाणीखाली केवढ्या गुहा निघतील. कराडचा नको म्हणतो. त्याने पोचलेला तळ हाच तळ राहू दे. मला त्याचं पटतं.

एकट्याने उघडलं की खेळ तुम्हाला जगाच्या यजमानाच्या जागी उभं करतो. मी माझ्या घरात नव्हते. मी अकराव्या थरात होते, अंधाऱ्या बोगद्यात, कराडच्याच्या जागी, त्याची अर्धी झिजलेली कुदळ हातात, मशाली डाव्या बाजूला, म्हणजे तो परतीच्या वाटेवर असताना आम्ही थांबलो होतो. त्याच्या खिशात नांदेडच्याच्या गव्हाचे पाव होते, कोळसा होता, मी दिलेला नकाशा होता. आणि एक बिछाना होता, पिवळा. त्याचा खाणीत काय उपयोग ते कळायला मला थोडा वेळ लागला. आम्ही वरून हाका मारायचो तेव्हा तो जिना चढतच नव्हता. आहे तिथे, लाव्हाच्या शेजारी बिछाना टाकायचा, झोपायचा, उजाडलं की गुंडाळून पुन्हा खिशात. ज्या बिछान्यात शेवटचे झोपलात तोच उचलला तर मेल्यावर त्याच्यापाशी उभं राहता येत नाही, जग जिथे सुरू झालं त्या माळावर परत उठता; म्हणजे काही झालं असतं तर तो आपल्या घरी उठला नसता. ते त्याने चालवून घेतलं, कारण वर तिघं छताकडे बघत पडलेली असायची.

मी तो तिथेच टाकला आणि आडवी झाले. वर रात्रच असावी. कुणाला हाक मारावी लागली नाही. लगेच उजाडलं.

खेळ बंद करून मी ग्रुपवर लिहिलं, तुझ्या खिशात बिछाना सापडला.

बंगळूरहून उत्तर आलं: "मग! वर यायला लई वेळ लागायचा. तवर तुम्ही नुसती पडून."

हॅम्बुर्गहून दोन मिनिटांत: "पिवळा? म्हणजे माझ्या मेंढ्यांची लोकर तू नेत होतास?"

"तीनच नगांची नेली. बिछान्याला तीनच लागतात."

"कितें रे हें," पणजीहून, "आणि आळ माझ्यावर आलेला, पडद्यांना नेली म्हणून."

त्यावरून जे भांडण जुंपलं ते हॅम्बुर्गला जेवायची वेळ झाली तरी चाललंच होतं.